भागूबाईला खाडीत जायचं होतं

कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सुमेधने आम्हाला गोल करून बसवलं आणि प्रत्येकाने आपण इथे का आलो ते थोडक्यात सांगायचं, असं जाहीर केलं. असल्या गोलांचा मला मनापासून कंटाळा आहे. गोलात बसलं की चांगली माणसं खोटं बोलायला लागतात. बोळिंजच्या आमच्याच कॉम्प्लेक्सचा हॉल, भिंतीवर गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे अजून चिकटलेले, आणि त्याखाली बसून एकेक जण निसर्गाशी तुटलेलं नातं जोडायला आलो म्हणून सांगत होता. एका गृहस्थांना शांतता हवी होती. ते शांततेविषयी बोलत असताना त्यांचा फोन वाजत होता आणि ते तो कापत होते. ऑस्कर मास्तर तेवढे सरळ बोलले. शाळेतून निवृत्त झालेले, वाडीत केळी आणि फुलं लावणारे हे मास्तर म्हणाले, माझ्याकडे पक्षी येतात, मला त्यांची नावं माहीत नाहीत, याची लाज वाटते. माझी पाळी आल्यावर मी म्हटलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. सुमेधला ते फारसं रुचलं नाही.

शेवटी उरली भिंतीला टेकून बसलेली एक बाई. साठीच्या पुढची, काटक, केसांत अबोलीचा गजरा, पायांच्या टाचा चिरलेल्या. ती एवढंच म्हणाली, "मना खाडीत जायाचं हाय."

टाळ्या पडल्या. सुमेधने छातीवर हात ठेवला. इतक्या कमी शब्दांत इतकं खोल कुणीच सांगितलं नाही, असं तो म्हणाला. बाईने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे एकेक करून पाहिलं. तिच्या कपाळावर आठी पडली होती. मग इथे अशीच पद्धत असेल असं तिला वाटलं असावं, कारण तिनेही टाळ्या वाजवल्या.

ही भागूबाई. मी तिला दोन दिवस अहो-जाहो केलं. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की तू दोघींना हाक मारतेस का, दुसरी कोण. तेव्हापासून ती 'ती' झाली.

सुमेधने सगळ्यांच्या जोड्या लावल्या, त्यात ती माझ्या वाट्याला आली. खरं सांगते, मी नाराज झाले. मला ऑस्कर मास्तरांबरोबर जायचं होतं, कारण त्यांच्याकडे चांगली दुर्बीण होती. पण सुमेधचं म्हणणं, शहरातला एक आणि गावातला एक अशी जोडी हवी, म्हणजे ज्ञानाची देवाणघेवाण होते. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. पुढे कळलं की सुमेधला हवं होतं तसलं तिच्याकडेही नव्हतं. अशी आमची जोडी.

तिला रिक्षापर्यंत सोडायला जाताना मी म्हटलं, मावशी, तुम्ही फार छान बोललात. ती म्हणाली, छान काय त्यात, मना खाडीत जायाचं हाय, आनि त्यो श्रीरंग सोडत नाय. श्रीरंग कोण, असं मी विचारलं आणि मग सगळा उलगडा झाला. उलगडा झाला म्हणजे माझा गोंधळ सुरू झाला.

तिचं गाव खाडीच्या काठावर आहे. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर हे वाचून रविवारी कुणीतरी तिकडे गाडी घेऊन जाईल. गावाच्या मागे भातशेतीचा बांध, बांधाच्या पलीकडे तिवरांचं जंगल आणि त्यापलीकडे चिखल. ओहोटी लागली की तो चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या नाचतात. निवटी म्हणजे बोटाएवढा, डोळे वर आलेला मासा. हा मासा असून चिखलावर चालतो, उड्या मारतो, बिळात राहतो. भागूबाई लग्न होऊन या गावात आली ती पलीकडच्या काठावरून. तिकडेही चिखल होता. म्हणजे जन्मापासून तिने रोज नाहीतर एक दिवसाआड ओहोटीला चिखलात जाऊन निवट्या, चिंबोऱ्या, कालवं असं काहीतरी आणलं, आणि घरात तेच शिजलं. नवरा बळीराम सातिवलीच्या एका गोदामात हमाली करायचा. त्याचा पगार घरच्या इतर गोष्टींना आणि खाडी जेवणाला, अशी त्यांची साधी वाटणी होती. आता बळीरामचे गुडघे गेले आहेत. तो ओट्यावर बसून रेडिओ ऐकतो आणि बाजारातल्या बोंबलांना नावं ठेवतो.

कारण गेल्या वर्षी बांधावर जाळी आली. जाळीला फाटक आलं आणि फाटकाला पाटी आली: संरक्षित क्षेत्र, विनापरवाना प्रवेश नाही. हे कुणी केलं ते गावात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे सरकारने, कुणी म्हणे मोठ्या कंपनीने, कुणी म्हणे कोर्टाने. होडीवाल्यांकडे लायसन होतं, ते धक्क्यावरून जात होते. चिखलात हाताने धरणाऱ्या बायकांकडे कसलाच कागद नव्हता, कारण चिखलात जायला कागद लागतो हे आधी कुणाच्या कानावर आलं नव्हतं. फाटकावर बसवलेला श्रीरंग गोखिवऱ्याचा. स्वभावाने गरीब, नोकरी नवीन. तो म्हणाला, काकी, माझ्या हातात काही नाही, मला सांगितलंय की कार्डवाल्यांनाच सोडायचं. कार्ड कुणाला मिळतं, असं भागूबाईने विचारलं. त्याने सांगितलं, बोळिंजला एक कोर्स आहे, तो केला की.

म्हणून ती आली होती. टाळ्या कशाबद्दल होत्या ते तिने मला विचारलं. मी म्हटलं, मावशी, त्यांना काहीतरी वेगळं वाटलं. काय वेगळं, असं तिने विचारलं. मी रिक्षाला हात केला.

कोर्सचं नाव होतं स्वयंसेवी निसर्गमार्गदर्शक. सगळे नॅचरलिस्ट म्हणायचे. भागूबाई म्हणायची 'त्ये कार्डाचं'. शनिवारी हॉलमध्ये पडद्यावर चित्रं आणि रविवारी सकाळी खाडी. पहिल्या रविवारी आमची वरात फाटकातून आत शिरली तेव्हा सगळ्यांच्या पायात नवे गमबूट होते. भागूबाई अनवाणी होती आणि फाटकातून आत पाय टाकताना ती इतकी खूश दिसली की मला उगाचच बरं वाटलं. पण भरती होती. चिखल पाण्याखाली. सुमेधने मुद्दाम भरतीची वेळ घेतली होती, कारण तेव्हा पक्षी काठाजवळ येतात. त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावले, मग उघडायला लावले, आणि विचारलं, आता काय दिसतंय? लोकांना बरंच काही दिसलं. शांतता हवी असलेल्या गृहस्थांना चक्क काळाचा प्रवाह दिसला. सुमेध मोठ्या अपेक्षेने भागूबाईकडे वळला.

"काय नाय," ती म्हणाली. "भरती हाय."

सुमेधला आणि बाकीच्यांना वाटत होतं की या बाईच्या पोटात पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान दडलेलं असणार आणि नीट विचारलं की ते बाहेर येईल. एक मुलगी तर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावूनच तिच्या मागे फिरायची. हा पक्षी कोणता, मावशी? पाखरू. आणि तो लांब पायांचा? त्यो बी पाखरूच. तुमच्याकडे याला काय म्हणतात? काय म्हनायचं, त्यो खात नाय आमी. तिवराच्या पानांचं औषध करता का? नाय, आमी डॉक्टरकडं जातो. तिच्या जगात दोनच जाती होत्या: खायचं आणि न खायचं. खायच्या जातीतलं तिला सगळं ठाऊक होतं आणि न खायच्या जातीकडे तिने आयुष्यात मान वर करून पाहिलं नव्हतं. मान वर करायला वेळ कुठे होता, चिखलात खाली बघूनच चालावं लागतं. ऑस्कर मास्तर एकदा मला हळूच म्हणाले की आम्हीही वाडीत हेच करतो, फक्त आम्हाला कुणी रेकॉर्ड करत नाही. रेकॉर्डिंगवाली मुलगी तिसऱ्या आठवड्यानंतर दुसऱ्याच्या मागे लागली. भागूबाईला सुटल्यासारखं झालं.

पण कार्ड हवं तर नावं पाठ करणं भाग होतं. मी बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधून सुटले की तिच्या घरी जाऊ लागले. माझ्या घरच्यांना याचं आश्चर्य वाटलं, कारण मी सख्ख्या भाच्यांचाही अभ्यास घेतलेला नाही. ओट्यावर चित्रांचे कागद पसरायचे आणि एकेकावर बोट ठेवायचं. शेकाट्या, तुतवार, खंड्या, वंचक. लाल पायांचा शेकाट्या तिला लगेच जमला. तुतवारांनी मात्र आमच्या नाकी नऊ आणले. ते सगळे सारखेच दिसतात. मलाही सारखेच दिसतात आणि सुमेधलाही दिसत असावेत, फक्त तो कबूल करत नाही. बळीराम आतून विचारायचा, झालं का तुमचं पाखरांचं, आणि मग बाजारातून आणलेल्या सुरमईच्या तुकड्यावर घसरायचा. खाडीच्या काठावर राहून मासे विकत आणायचे, हे काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. भागूबाई त्याला म्हणायची, थांब, कार्ड येऊ दे. तेवढं एकच वाक्य ती पूर्ण खात्रीने बोलायची.

तिची धाकटी जाऊ चांगुणा शेजारीच राहते. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. चांगुणा पूर्वी उरलेल्या निवट्या विरारला रस्त्याकडेला टोपली मांडून विकायची. आता ती दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते. अभ्यास चालू असताना ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि चित्रांकडे बघून हसायची. तू पण ये ना कोर्सला, असं मी एकदा म्हटलं. तिने विचारलं, शनिवारी मजुरी कोण देईल? भागूबाई म्हणाली, एकीला कार्ड मिळालं की झालं, दोघींचं भागतं. चांगुणाने मान डोलावली. मीही डोलावली. त्यात चूक असेल असं तेव्हा कुणाला वाटलंच नाही.

मग गणतीचा रविवार आला. यावेळी ओहोटी होती. सुमेधने चिखलावर दोऱ्यांचे चौकोन आखले होते आणि प्रत्येक जोडीने आपल्या चौकोनात किती निवट्या दिसतात ते मोजून सांगायचं होतं. दर वर्षी मोजलं की खाडीची तब्येत कळते, असं त्याने समजावलं. मला ते पटलं. आमचा चौकोन सगळ्यात लांब होता. मी दोन पावलं टाकली आणि माझा बूट चिखलातच राहिला. मी बूट ओढत बसले. भागूबाईने साडीचा काचा मारला, कमरेला पिशवी बांधली आणि म्हणाली, तू बस, मी मोजून येते.

ती वाकली ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. लांबून मला फक्त तिची पाठ दिसत होती आणि मधूनच बिळात कोपरापर्यंत जाणारा हात. ती किती मन लावून मोजतेय, असं मला वाटलं. आता वाटतं, माझे डोळे होते कुठे? ती परत आली तेव्हा सगळे बांधावर जमले होते. कुणी सात सांगितलं, कुणी बारा, कुणी 'साधारण वीस'. सुमेधने तिला विचारलं. तिने कमरेची पिशवी सोडली आणि त्याच्यापुढे धरली.

"मोजून आनल्या. एक पन सोडली नाय."

पिशवी हलत होती. सुमेधने आत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग खाली बांधावर बसला. रेकॉर्डिंगवाली मुलगी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. ऑस्कर मास्तरांनी पाठ फिरवली, त्यांचे खांदे हलत होते. त्यांना हसू येत होतं.

सुमेध चांगला मुलगा आहे. तो ओरडला नाही. त्याने शांतपणे सांगितलं की मावशी, मोजायच्या म्हणजे बघून मोजायच्या, धरायच्या नाहीत. भागूबाई म्हणाली, त्या एका जागी थांबत नाहीत, या बिळातून त्या बिळात जातात, तीच निवटी दोनदा मोजली जाईल, म्हणून धरून पिशवीत टाकल्याशिवाय खरा आकडा मिळणार नाही. ती चेष्टा करत नव्हती. तिला काम दिलं होतं आणि तिने ते नीट केलं होतं. सुमेध म्हणाला, पण आकडा खरा असून उपयोग काय, निवट्याच राहिल्या नाहीत तर? यावर ती म्हणाली, राहिल्या नाहीत कशा, ह्या काय? आणि पिशवी पुन्हा वर केली.

मला दोघांचंही म्हणणं पटत होतं. मोजायचं तर आणायचं नाही, आणायचं तर मोजायचं नाही. सकाळी हे मला समजलं होतं, दुपारी समजेनासं झालं. शेवटी तिने स्वतःच चिखलात जाऊन पिशवी उलटी केली. निवट्या टणाटण उड्या मारत बिळं शोधायला लागल्या. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. बांधावरून परतताना तिने मला विचारलं, मंग मोजायच्या कशाला? मी म्हटलं, पुढच्या वर्षी किती आहेत ते कळायला. तिने विचारलं, पुढल्या वर्षी आनायच्या का? मी म्हटलं, नाही, पुढच्या वर्षीही मोजायच्या. तिने रिकामी पिशवी झटकून कमरेला खोचली. मला वाटलं, आता ही कोर्स सोडणार. पण तिला खाडीत जायचं होतं, आणि ती सोडणारी नव्हती.

शेवटची परीक्षा म्हणजे एका शाळेच्या मुलांना खाडी दाखवायची. प्रत्येकाने आपल्या वाटणीचा तुकडा सांगायचा. भागूबाईला बांधाजवळचा तुकडा होता. रात्रभर पाठ केलं असावं, कारण तिने शेकाट्या दाखवून त्याला शेकाट्याच म्हटलं आणि खंड्याला खंड्या. तुतवारांच्या थव्याकडे बोट करून ती म्हणाली, ह्ये तुतवार, आनि ह्ये बी तुतवार, आणि मुलांनी मान डोलावली. मग एका मुलीला निवटी दिसली आणि सगळे तिकडे धावले. तिथे भागूबाईचा आवाज बदलला. बीळ कसं वाकडं असतं, तोंड दोन बाजूंना कसं असतं, निवटी तोंडात पाणी धरून कशी बसते, हे ती अंगात आल्यासारखी सांगत होती. मुलं गप्प झाली होती. मला तिचा अभिमान वाटला. मग एका मुलाने विचारलं, आजी, हा मासा खातात का?

तिने सुमेधकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली बघितलं.

"आता नाय," ती म्हणाली.

मुलाने लगेच विचारलं, मग कधी? तेवढ्यात शाळेच्या बाईंनी रांग करायला सांगितलं आणि ते तिथेच राहिलं. सुमेधला तिचं उत्तर इतकं आवडलं की निरोपसमारंभात त्याने ते सगळ्यांना सांगितलं. परंपरा आणि संवर्धन यांचा हा संगम, असं काहीतरी तो बोलला. पुन्हा टाळ्या पडल्या. यावेळी भागूबाईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती कार्डाकडे बघत होती. कार्डावर तिचा फोटो, नाव आणि खाली 'प्रवेश परवाना'. बरोबर एक हिरवं जॅकेट, पाठीवर बगळ्याचं चित्र. तिने ते साडीवरूनच चढवलं. त्या दिवशी संध्याकाळी बळीरामने गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून कार्ड दाखवलं.

मलाही तसंच कार्ड मिळालं. कार्डाबरोबर ड्यूटीही आली. दर शनिवारी जोडीतल्या दोघांनी फाटकावर थांबायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांना खाडीची माहिती द्यायची, विनापरवाना आत शिरणाऱ्यांना समजावून परत पाठवायचं आणि शेवटी आत जाऊन एका ठरलेल्या चौकोनातल्या निवट्या मोजायच्या. बघून. हे सगळं वर्गात सांगितलं होतं, कागदावरही होतं. पण 'आत शिरणारे' म्हणजे बाटल्या घेऊन येणारी टोळकी, दगड मारणारी पोरं, असंच भागूबाईच्या मनात होतं. माझ्याही मनात तेच होतं. मी शिकलेली, हिशेबाच्या ऑफिसात काम करणारी बाई, पण मलाही दुसरं कुणी दिसलं नाही.

पहिल्या शनिवारी आम्ही दोघी सकाळी फाटकावर पोहोचलो. ओहोटी लागत होती. पाणी मागे सरत होतं आणि चिखल चकाकायला लागला होता. श्रीरंगने भागूबाईचं जॅकेट बघून उठून सलाम ठोकला. ती लाजली. मग तिने फाटक उघडायला लावलं आणि आत एक पाऊल टाकलं. एवढ्यात मागून हाक आली. चांगुणा बांधावरून येत होती. काचा मारलेला, हातात टोपली, कमरेला पिशवी. एक पिशवी तिने भागूबाईसाठीही आणली होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तो मला बघवला नाही, कारण श्रीरंग तिला अडवायला पुढे आला होता.

तो म्हणाला की काकी, यांना मी कसं सांगू, तुमच्या घरच्या आहेत, तुम्हीच सांगा. आणि तो बाजूला झाला. त्याने सोपा मार्ग काढला. त्याच्या जागी मी असते तर मीही काढला असता. तरी मला त्याचा राग आला.

भागूबाई फाटकाच्या मध्यात उभी होती. ती काहीतरी शोधल्यासारखी इकडे तिकडे बघत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, चांगुने, तुला नाय जाता येनार. चांगुणा हसली. तिला वाटलं थट्टा आहे. तिने भागूबाईचा हात धरला आणि आत निघाली. भागूबाई हलली नाही, तेव्हा तिचं हसू गेलं. कार्ड एकीला मिळालं की दोघींचं भागतं, हे तूच म्हणाली होतीस, असं ती म्हणाली. भागूबाई म्हणाली, कार्ड माझं हाय, तुझं नाय. हे बोलताना तिचं तिलाच ते बरोबर वाटत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तरी काहीतरी नियम सांगेन म्हणून. नियम मला पाठ होते. सांगवले नाहीत.

मग चांगुणाने विचारलं, "कोनासंगं जानार तू?"

ते मला आधी कळलं नाही. नंतर श्रीरंगने सांगितलं. त्या गावात बाई खाडीत एकटी जात नाही. चिखल कुठे खोल आहे ते दर भरतीला बदलतं. पाय मांडीपर्यंत रुतला की स्वतःहून निघत नाही, आणि पाणी परतायला लागलेलं असतं. म्हणून जोडीने जायचं, हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचं, आणि दुसरीने ओढून काढायचं. जोडी लग्नानंतर ठरते आणि सहसा बदलत नाही. चांगुणा लग्न होऊन आली तेव्हापासून भागूबाईची जोडी चांगुणाच. कोर्सच्या रविवारी आम्ही सगळे जण होतो, दोर होते, फळ्या होत्या, तेव्हा हा प्रश्न आलाच नव्हता.

भागूबाईने माझ्याकडे बोट केलं. चांगुणाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी टोपी, माझे बूट, गळ्यातली दुर्बीण. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिने खरोखरच विचारलं.

"ही काढील का तुला ओढून?"

स्वतःचा बूट मला ओढून काढता आला नव्हता. भागूबाईने माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग चांगुणाच्या. मला वाटलं ती आता जॅकेट काढून फेकेल, किंवा चांगुणाला घेऊन सरळ आत जाईल, किंवा रडेल. यातलं तिने काहीच केलं नाही. तिचा चेहरा गणतीच्या दिवशी पिशवी धरून उभी होती तसाच होता, सांगितलेलं सगळं नीट करूनही चुकलं कुठे ते न कळलेल्या माणसाचा. आत टाकलेलं पाऊल तिने मागे घेतलं आणि ती बाहेर आली.

मला फार वाईट वाटलं आणि मी नेहमी करते तेच केलं, कामाचं बोलले. मावशी, चल ना, मोजायचं आहे, ओहोटी निघून जाईल. ती म्हणाली, तू ये जाऊन, तुझं कार्ड हाय. मी म्हटलं, तुझंही आहे. हो, हाय ना, ती म्हणाली, आणि बांधावर चांगुणाशेजारी जाऊन बसली. दोघींच्या मध्ये रिकामी टोपली होती. दोघी समोर चिखलाकडे बघत होत्या. त्यांच्याकडे पाठ करून मी आत गेले. सुमेधचा फोन आला तर त्याला काय सांगायचं, ते मला कळत नव्हतं. तिला खाडीत जायचं होतं. कार्ड मिळालं होतं. फाटक उघडं होतं.

श्रीरंग अवघडून उभा होता. त्याने विचारलं, "काकी, फाटक ओढू का?"

"ओढ," भागूबाई म्हणाली.

त्याने फाटक ओढून घेतलं आणि कडी लावली. बोळिंजच्या सातव्या मजल्यावर राहणारी मी आत होते आणि भागूबाई बाहेर. मी बूट सांभाळत चिखलात पाय टाकणार, एवढ्यात जाळीपलीकडून तिचा आवाज आला. ती उठून उभी राहिली होती आणि तिची बोटं जाळीत अडकलेली होती.

"डावीकडनं जा गो बाय. समोर खोल हाय."

मी डावीकडून गेले.